‘दूध पुरत नाही’ म्हटल्यावर काय करायचं?

महाराष्ट्रातल्या बाळंतपणांबद्दलचे काही आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोडं पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) राज्यातली 90.3 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण 94.7 टक्क्यांवर गेलं. म्हणजे जवळपास प्रत्येक बाळ जन्मतं तेव्हा एखादी नर्स किंवा डॉक्टर जवळ असतात. तरीही जन्मानंतर तासाभरात ज्यांना आईने अंगावर घेतलं अशा मुलांचं प्रमाण याच काळात 57.5 वरून 53.2 टक्क्यांवर उतरलं. आणि घरी गेल्यावर? सहा महिन्यांच्या आतल्या, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण 56.6 वरून 71 टक्क्यांवर चढलं. जिथे शिकलेली माणसं दाटीने आहेत तिथे घसरण, आणि जिथे आठवड्यातून एकदा आशाताई डोकावते तिथे वाढ.

या उलट्या चालीची कारणं अनेक असणार. सिझेरियनचं प्रमाण राज्यात 20.1 वरून 25.4 टक्क्यांवर गेलं, हे एक उघड कारण. शिवाय निव्वळ स्तनपानाचा आकडा मागच्या चोवीस तासांत बाळाला काय काय दिलं यावरून काढतात. परवा आजीने मध चाटवला असेल तर तो त्यात धरला जात नाही, आणि पंधरा दिवसांचं बाळ व साडेपाच महिन्यांचं बाळ एकत्रच मोजलं जातं. तेव्हा त्या 71 टक्क्यांवर फार खूश होण्यात अर्थ नाही. पण पहिल्या तासाचं दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नाही. देशभरात दवाखान्यातली बाळंतपणं 78.9 वरून 88.6 टक्क्यांवर गेली, आणि तासाभरात पाजलेल्या मुलांचा आकडा 41.6 वरून 41.8 वर, म्हणजे जागच्या जागी राहिला. माणसं आहेत, प्रशिक्षणं झालेली आहेत, भिंतीवर पोस्टर आहे. मग अडतं कुठे?

आशा, आरोग्यसेविका, अंगणवाडीसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स आणि वैद्यकीय अधिकारी यांना स्तनपानाच्या मदतीसाठी तयार करण्याचे प्रयत्न गेली तीसेक वर्षं जगभर चालू आहेत, आणि त्यांचं काय झालं याची तपासणीही बऱ्यापैकी झाली आहे. ती वाचून माझं मत असं झालं आहे की आपण या बायकांना बोलायला चांगलं शिकवलं, बघायला फार कमी शिकवलं. ‘सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही’ हे वाक्य कुठल्याही आशाताईला झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक येईल. पण समोरची बाळंतीण ‘ताई, दूध पुरत नाही हो’ म्हणाली की पुढची वीस मिनिटं काय करायचं, हे त्या वाक्यात नाही.

चाळीस तासांचं मूळ

आज दिल्या जाणाऱ्या बहुतेक प्रशिक्षणांचं मूळ एका अभ्यासक्रमात सापडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1993 मध्ये स्तनपान समुपदेशनाचा चाळीस तासांचा अभ्यासक्रम काढला. त्याआधी 1989 मध्ये ‘दहा पायऱ्या’ आणि 1991 मध्ये बाळस्नेही रुग्णालयांची मोहीम आली होती, पण ती मुख्यतः रुग्णालयांपुरती. या अभ्यासक्रमाचं वेगळेपण असं की त्यात ऐकून घ्यायला शिकण्यासाठी स्वतंत्र तास होते. ‘नीट पाजता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं, त्याऐवजी ‘पाजणं कसं चाललंय?’ असं विचारायचं. आई जे सांगेल ते आपल्या शब्दांत तिलाच परत म्हणून दाखवायचं. तिचं काही बरोबर चाललेलं असतं, ते आधी बोलून दाखवायचं. मग एखादीच गोष्ट सुचवायची, हुकमाचा सूर न लावता. आणि वर्गातल्या या धड्यांच्या जोडीला वॉर्डात, खऱ्या आयांसोबत, चार वेळा सराव करायचा.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथे या अभ्यासक्रमाची तपासणी झाली. ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. शिकून बाहेर पडलेल्यांचं ज्ञान आणि कौशल्य दोन्ही लगेच वाढलेलं दिसलं, आणि तीन महिन्यांनी थोडंसं उतरलेलं. हे उतरणं फार नव्हतं, पण पुढच्या सगळ्या चर्चेचं बीज त्यात आहे. एकदा शिकवून सोडून दिलं तर शिकलेलं टिकतं किती?

भारतात या विषयाची संघटित सुरुवात महाराष्ट्रातच झाली. ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था 3 डिसेंबर 1991 रोजी वर्ध्यात स्थापन झाली. बालरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि कार्यकर्ते तिच्याभोवती जमले. पुढे तिने स्तनपान, वरचा आहार, एचआयव्ही असलेल्या आईचं बाळ आणि वाढीचं मोजमाप हे वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र बांधून एकच अभ्यासक्रम केला. मुंबईत 2007 मध्ये युनिसेफच्या महाराष्ट्र शाखेच्या पुढाकाराने जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलं की ते आपणहून सरकत छातीपर्यंत कसं पोहोचतं, यावर फिल्म निघाली आणि ती प्रशिक्षणांत दाखवली जाऊ लागली. त्याच्या कितीतरी आधी, 1989 मध्ये, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली होती. थोडक्यात, ज्ञान मुंबई-वर्ध्यात होतं. ते सुरगाणा-धडगावच्या पाड्यावर न्यायचं होतं.

ते नेण्यासाठी सरकारने वापरलेली वाट म्हणजे प्रशिक्षकांची साखळी. आशांसाठी सहावं आणि सातवं मॉड्यूल आलं: वीस दिवस, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत. 2011 पासून नवजात बाळासाठी घरभेटी सुरू झाल्या. ऑगस्ट 2016 मध्ये ‘मां’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आला; त्यात बाळंतपणं होतात त्या ठिकाणच्या परिचारिका आणि आरोग्यसेविकांसाठी चार दिवसांचं प्रशिक्षण, बाकीच्यांसाठी एका दिवसाचं. 2018 च्या पोषण अभियानात अंगणवाडीसेविकांना दर महिन्याला थोडं थोडं शिकवणारे एकवीस पाठ आले. या शेवटच्या कल्पनेला दाद द्यायला हवी: महिन्याच्या बैठकीत एकच विषय, तो महिनाभर घराघरांत वापरून बघायचा, पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं.

साखळीत एक खोट असते. राज्यात जो चार दिवस शिकला तो जिल्ह्यात तीन दिवस शिकवतो, तालुक्याला त्याचे दोन होतात, आणि या गाळणीत सगळ्यात आधी वॉर्डातला सराव गळतो. सभागृह मिळतं, प्रोजेक्टर मिळतो. एका दिवसात वीस पाजणाऱ्या आया कुठून आणायच्या? मग बाहुली येते. बाहुली रडत नाही, झोपत नाही, डोकं मागे टाकत नाही.

घरी गेल्यावर दहाव्या दिवशी

जगातले पुरावे बघायला लागलं की एका प्रयोगापाशी मी नेहमी थांबतो. ब्राझीलच्या ईशान्येला पाल्मारेस नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. परिणाम झाला: रुग्णालयात असताना 70 टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. बाळंतिणी घरी गेल्या. दहाव्या दिवशी तोच आकडा 30 टक्क्यांवर आला. मग निम्म्या आयांकडे सहा महिन्यांत दहा घरभेटी दिल्या. भेटी मिळालेल्यांत दहाव्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंतचं एकूण प्रमाण 45 टक्के राहिलं, न मिळालेल्यांत 13 टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये 2005 साली आलेल्या या निबंधाचं सार मला असं दिसतं की दवाखान्यातल्या प्रशिक्षणाचं फळ आठवडा-दीड आठवडा टिकतं, पुढे कुणीतरी उंबरठ्यावर यावं लागतं.

आपल्याकडचा पुरावाही भक्कम आहे. हरियाणातल्या ग्रामीण भागात आठ समूह घेऊन केलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी माणसं नेमली नाहीत. अंगणवाडीसेविका, आरोग्यसेविका आणि सुईणी अशी जी माणसं गावात होती, त्यांनाच शिकवलं, आणि आईशी जिथे जिथे गाठ पडेल तिथे बोलायला सांगितलं: लसीकरणाला, वजनाला, घरी. तीन महिन्यांच्या वयाला निव्वळ स्तनपान 79 टक्के. जिथे हे केलं नाही तिथे 48 टक्के. जुलाबही कमी झाले. पाणी बंद केल्याने बाळांची वाढ खुंटेल अशी जी भीती बोलली जायची, तसं काही झालं नाही.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातल्या प्रयोगात तर आरोग्य कर्मचारीही नव्हत्या. वस्तीतल्याच, स्वतः मुलांना पाजलेल्या बायका चाळीस तास शिकून घरोघर पंधरा भेटी देत होत्या. पाच महिन्यांना निव्वळ स्तनपान 70 टक्के, आणि ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही त्यांच्यात 6 टक्के. बेलारूसमधल्या प्रचंड प्रयोगात 17,046 माय-लेकरं होती. रुग्णालयांबरोबर त्यांच्याशी जोडलेल्या बालचिकित्सा केंद्रांतली माणसंही शिकवली, आणि ती सगळी शिकून होईपर्यंत वर्षाच्या वर वेळ दिला. तीन महिन्यांना निव्वळ स्तनपान 43.3 टक्के विरुद्ध 6.4 टक्के. पहिल्या वर्षात जुलाबासारखा आतड्याचा संसर्ग झालेली बाळं 13.2 वरून 9.1 टक्क्यांवर आली.

डॉक्टरांचं काय? फ्रान्समध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बाह्यरुग्ण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना अवघे पाच तास शिकवलं आणि बाळ दोन आठवड्यांचं होण्याच्या आत आईला एकदा भेटीला बोलावलं. चार आठवड्यांना निव्वळ स्तनपान 83.9 टक्के, बाकीच्यांत 71.9. पाच तासांत एवढं होत असेल तर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

सगळीकडे असं छान झालेलं नाही, आणि न झालेल्या जागा जास्त शिकवतात. युगांडा, बुर्किना फासो आणि दक्षिण आफ्रिका अशा तीन देशांत एकाच आराखड्याने घरभेटी दिल्या. 2011 मध्ये निकाल आले. पहिल्या दोन देशांत बारा आठवड्यांचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं. दक्षिण आफ्रिकेत ते 6 वरून 10 टक्क्यांपर्यंतच पोहोचलं. तिथे त्या काळात एचआयव्ही असलेल्या आयांना सरकारी दवाखान्यातूनच फुकट पावडर मिळत होती. एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने सल्ला. स्कॉटलंडमध्ये आयांचे गट वाढवण्याचं धोरण राबवलं, तिथे फरकच पडला नाही. जिथे कर्मचारी अपुरे होते आणि रचना सतत बदलत होती तिथे तर गाडी मागे गेली. शिकवणं कमी पडलं असं यातल्या कुठल्याच ठिकाणी म्हणता येत नाही.

वीस मिनिटं

आता मूळ प्रश्न. आशांच्या घरभेटीच्या फॉर्मात एक रकाना आहे: आईला दूध येत नाही किंवा कमी येतं असं वाटतं का? हो किंवा नाही. फॉर्म बनवणाऱ्यांनी नेमकी जागा ओळखली होती, कारण वरचं दूध सुरू होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पण ‘हो’वर खूण केल्यावर?

आधी आई असं का म्हणते ते ऐकायचं. बाळ रडतं. रात्री चारदा उठतं. तासाभरात पुन्हा मागतं. पिळून बघितलं तर चार थेंब आले. छाती आधी दाटून यायची, आता मऊ लागते. यातली एकही गोष्ट दूध कमी असल्याची खूण नाही. काही आठवड्यांनी छाती मऊ पडणं हे दूध बाळाच्या मागणीला जुळल्याचं लक्षण असतं. पहिल्या दिवशी तर बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो, कारण त्याचं पोटच लहान असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरभरून येण्याआधीचे हे दोन दिवस म्हणजे पावडरच्या डब्याचा हमखास मुहूर्त. आणि सिझेरियननंतर दूध उतरायला अनेकदा आणखी थोडा उशीर होतो.

मग खऱ्या खुणा. पाच-सहा दिवसांनंतर बाळाने चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त शू केली का? वजन किती? पहिल्या काही दिवसांत बाळ जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं, आणि साधारण दोन आठवड्यांत मूळ वजनावर परत येतं. आशाताईच्या पिशवीत वजनकाटा असतोच; या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे प्रशिक्षणात हमखास गळतं: पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत बसणं. बाळाचं डोकं, पाठ आणि कुल्ले एका रेषेत आहेत का, पोट आईच्या पोटाला लागलंय का? तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी छातीला टेकली आहे का, बोंडीभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या बाजूला कमी दिसतो का? खोल, संथ ओढ आणि मध्ये गिळल्याचा आवाज येतो का? बोंडी बाहेर आल्यावर चपटी झाली असेल, आईला कळ येत असेल, तर बाळ नुसती बोंडी चोखतंय. त्याला दूध कमी मिळतं, तिला चिरा पडतात, आणि दोघांचीही तक्रार ‘पुरत नाही’ या दोन शब्दांत येऊन थांबते.

पकड नीट शिकवण्याचं काम गेल्या काही वर्षांत मुंबईच्या आयआयटीत झालं आहे. तिथल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले व्हिडिओ मराठीतही आहेत, आणि त्यांत हाताच्या बोटांची जागासुद्धा सांगितली आहे. स्तन कसा धरायचा हे सांगताना त्यात वडापावचा दाखला येतो: मोठा घास घ्यायचा तर आपण वडापाव ओठांना समांतर आडवाच धरतो, उभा नाही; बाळाच्या ओठांचा विचार करूनही तसंच करायचं. हसू येतं, पण आदिवासी पाड्यावरची आशाही हे एकदा ऐकून विसरणार नाही. नुसती ‘योग्य स्थितीत धरा’ असं छापलेली पत्रकं मी पुष्कळ पाहिली आहेत; त्यातल्या ‘योग्य’चा अर्थ कुणालाही लागत नाही.

बाकीचं पुढे ओघाने येतं. दूध दाटून छाती दगड झाली असेल तर आधी हाताने थोडं काढून, मग बाळाला लावणं. बोंडी आत गेलेली असेल तर इंजेक्शनच्या साध्या सिरिंजचं टोक कापून तिचा पंप करणं. ही युक्ती दावणगिरीच्या डॉक्टरांनी 1993 च्या सुमारास मांडली आणि पुढे जगभरच्या प्रशिक्षणांत गेली. कमी वजनाचं, पेंगुळलेलं बाळ ओढत नसेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने देणं. एक छाती लाल, गरम आणि आईला ताप असेल तर वाट न बघता दवाखाना.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘प्रत्येक आईला पुरेसं दूध असतंच’ हे वाक्य प्रशिक्षणात मंत्रासारखं म्हटलं जातं. बहुतेक आयांच्या बाबतीत ते खरं आहे, सगळ्यांच्या नाही. काही थोड्या जणींना खरंच दूध कमी येतं. काही बाळं पहिल्या आठवड्यात नीट न ओढल्याने सुकत जातात, रक्तातलं मीठ वाढतं आणि ती दगावूही शकतात. शू कमी, वजन घटत चाललेलं, बाळ सुस्त अशा वेळी ‘पाजत राहा’ एवढंच सांगणारी ताई धोकादायक ठरते. कधी धीर द्यायचा आणि कधी गाडी बोलवायची, हा फरक बघूनच कळतो, घोषणेतून नाही.

आजी आणि अंघोळ घालणारी

आशाताई सहा भेटी देते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला अंघोळ घालणारी बाई रोज येते. तीच बाळाला तेल लावते, तीच ‘बाळाचं पोट भरलेलं दिसत नाही’ असा शेरा मारते, आणि सहाणेवर गुटी उगाळून ठेवायला सांगणारी बहुधा तीच किंवा आजी असते. गुटीच्या दोन थेंबांत पाणी किती आणि त्यात जंतू किती यावर व्याख्यान देण्यापेक्षा आजीला समोर बसवून बाळाची पकड दाखवणं जास्त उपयोगी पडतं. तिनेही पाच-सहा मुलं पाजलेली असतात; तिच्या हाताला जे कळतं ते कित्येकदा तरुण नर्सला कळत नाही. हरियाणातल्या प्रयोगाने सुईणीला बाजूला सारलं नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या प्रशिक्षणांत अंघोळ घालणाऱ्या बाईचं नाव कधी येतं का?

माहेर-सासर हा आपल्याकडचा आणखी एक पेच. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणात नाव सासरच्या आशाताईकडे, बाळंतपण माहेरच्या आशाताईकडे, आणि सव्वा महिना किंवा तीन महिन्यांनी सून परत सासरी. दोन्ही आशाताई आपापल्या वहीत चोख असतात. मधली बाळंतीण दोन्ही वह्यांतून सुटते. त्यात वेळापत्रकाचाही खड्डा आहे. नवजात बाळासाठीच्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, आणि 2018 पासून सुरू झालेल्या पुढच्या घरभेटींतली पहिली भेट तिसऱ्या महिन्यात येते. मधला दीड महिना कुणाचाच नाही. याच काळात अनेकींचा मुक्काम हलतो, शेतावर किंवा कामावर परतणं सुरू होतं आणि बाटली घरात शिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी गरोदरपणापासून किमान सहा वेळा समुपदेशन व्हावं असं सांगितलं आहे, आणि त्यातली एक वेळ पहिल्या तीन-चार महिन्यांतली आहे. पण या मधल्या काळात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, बाळ लसीसाठी येतंच. सुई टोचण्याच्या आधी आईला पाच मिनिटं पाजायला बसवून बघितलं तर त्यासाठी नवी योजना लागत नाही. टोचताना अंगावर असलेलं बाळ रडतंही कमी.

पैसा, फॉर्म आणि डॉक्टरची चिठ्ठी

सहा घरभेटी पूर्ण केल्यावर आशाला 250 रुपये मिळतात. म्हणजे एका भेटीचे चाळीसेक रुपये, आणि त्यातही एखादी भेट चुकली तर अडचण. ‘मां’ कार्यक्रमात आयांच्या बैठका घेण्याबद्दल तीन महिन्यांना 100 रुपये ठेवलेले. वीस मिनिटं बसून एक पाजणं बघायचं, मग पकड सुधारायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन ती टिकली का बघायचं, हे काम या दरात बसत नाही. महाराष्ट्रातल्या आशांनी गेल्या काही वर्षांत मोर्चे आणि संप केले त्यात मानधनाबरोबरच ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाचाही मुद्दा होता. प्रशिक्षणाबद्दल लिहिणारे आम्ही लोक या भागावरून सफाईने पुढे सरकतो.

देखरेखीचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने तयार केलेल्या आरोग्यदूतांनी 39 गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी केले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे देशभरच्या घरभेटींचा पाया झालं. त्यातला वर्गातला भाग सगळीकडे उचलला गेला. ठरावीक दिवसांनी गावात येऊन प्रत्येक बाळाची नोंद आणि प्रत्येक कृती तपासणारा डॉक्टर मात्र मागेच राहिला. आज गटप्रवर्तक आणि मुख्यसेविका आहेत, त्यांच्या हातात रजिस्टर तपासण्याचं काम आहे. महिन्यातून एकदा त्यांनी ताईबरोबर दोन घरी जाऊन नुसतं शेजारी बसावं, ती पाजणं कसं बघते ते बघावं, एवढी एक सवय लागली तरी साओ पाउलोमधलं ते तीन महिन्यांनंतरचं उतरणं थांबेल असं मला वाटतं.

आणि मग डॉक्टरची चिठ्ठी. आशाताईने महिनाभर जे उभं केलं ते तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात एका ओळीने पडतं: पावडरचं नाव आणि दिवसाला किती चमचे. ‘डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलंय’ यापुढे तिचा शब्द चालत नाही. 1992 चा कायदा आणि 2003 ची त्यातली दुरुस्ती यांनी दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू आणि कंपन्यांच्या पैशांवरची संमेलनं यांना मनाई केली आहे. 1981 च्या आंतरराष्ट्रीय संहितेपेक्षा हा कायदा कडक मानला जातो. पण जगात या पावडरची वार्षिक विक्री 55 अब्ज डॉलरच्या घरात आहे, असं ‘लॅन्सेट’च्या 2023 च्या लेखमालेने दाखवलं, आणि एवढा पैसा वाट शोधतोच. हा कायदा कुठल्याही प्राथमिक प्रशिक्षणात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ शिकवला जात नसेल. तक्रार कुठे करायची हे तर विचारूच नका.

प्रशिक्षणाचा हिशोब आपण किती जणींना शिकवलं या आकड्यात ठेवतो. तोच अहवालात जातो. प्रशिक्षणाआधी आणि नंतर वीस प्रश्नांची परीक्षाही घेतात आणि गुण वाढलेले दिसतात, ते वाढणारच. मोजायचंच असेल तर तिसऱ्या दिवसाच्या भेटीत किती जणींचं पाजणं ताईने डोळ्यांनी पाहिलं, ‘दूध कमी’ म्हणणाऱ्या किती जणी चौदाव्या दिवशी बाटलीविना होत्या, आणि सिझेरियनच्या टेबलावरून बाळ आईकडे यायला किती वेळ लागला, हे मोजावं. शेवटचा प्रश्न आशाचा नाही, शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरचा आणि भूलतज्ज्ञाचा आहे; तासाभरात पाजण्याच्या 53.2 टक्क्यांचं कोडं बरंचसं तिथे सुटेल.

प्रशिक्षणाने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघालेली बाई पहाटे फडात जाते, दोन महिन्यांचं बाळ कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशी असतं. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा तिच्यासाठी नाही. तिला हाताने दूध काढायला शिकवता येईल. स्वच्छ भांडं, झाकण, आणि ते वाटी-चमच्याने पाजणारं मोठं माणूस कुठून आणायचं? तिचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत, मुक्काम साखर कारखान्याच्या परिसरात, आणि तिथल्या आशाताईच्या यादीत ती बसत नाही. कोयत्याच्या टोळ्या कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला उचल देतानाच ठरलेलं असतं. ती यादी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामाआधी पोहोचवायला आणि कोपींजवळ पाळणाघर चालवायला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि ते सांगणं आशाताईच्या अधिकारातलं नाही.